लाल खडूची फुली

तिला सगळे मावशीच म्हणत. डेअरीतले हमाल म्हणत, कॅन घेऊन येणारे दूधवाले म्हणत, गल्लीतली पोरं म्हणत, आणि तिचा स्वतःचा मुलगाही तिला मावशीच म्हणे. बाकीच्यांचं समजण्यासारखं आहे. मुलाचं का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल, आणि तिथे जायला मावशीला मुळीच आवडत नसे.

आधी तिच्या नाकाबद्दल सांगायला हवं. डेअरीच्या संकलन केंद्रावर ती दूध तपासायची. पत्र्याची लांबलचक शेड, मध्ये सिमेंटचा ओटा, कायम ओली असलेली फरशी आणि ओट्यावर रांगेने मांडलेले कॅन. मावशी झाकण उघडायची, वाकायची, एक श्वास घ्यायची आणि पुढच्या कॅनकडे सरकायची. पाणी घातलंय का ते बघायला काचेची नळी होती. फारच संशय आला तर चमचाभर दूध उकळून बघायला स्पिरिटचा दिवा होता. उकळताना फाटलं की कॅन बाद. पण दिवा पेटवायची वेळ क्वचितच यायची. नाकच आधी निकाल द्यायचं, आणि दिवा मागाहून मान डोलवायचा. हमाल म्हणायचे, "मावशीला सासू नाही तेच बरं. पहिल्याच दिवशी तिच्या चहाला नाक लावून कप परत पाठवला असता."

बाद झालेल्या कॅनच्या झाकणावर मावशी लाल खडूने फुली मारायची. फुली बसली की मालकाने कॅन आला तसा परत न्यायचा. मग कुणी रडो, भांडो, पोराबाळांच्या शपथा घेवो, मावशी फुली पुसत नसे. "आज तुझी पुसली तर उद्या सगळे इथे ओट्यावर ठाण मांडतील," ती म्हणायची. यात तिचं काही चुकत नव्हतं. ती होती तोवर केंद्राचा एकही टँकर नासला नाही. पण एकाच गोष्टीसाठी माणसाची वर्षानुवर्षं वाहवा होत राहिली, की ती गोष्ट कुठे वापरायची नाही हे त्याला कळेनासं होतं. मावशीचं तसंच झालं.

तिला मुलगा झाला तेव्हा ती केंद्राच्या मागच्याच खोलीत राहायची. नवरा डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. बाळंतपणाची रजा संपायच्या आतच साहेबाचा निरोप आला, की बदली माणसाला काही कळत नाही, दोन टँकर फुकट गेले, जमलं तर लवकर या. निरोप ऐकून मावशीला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. सकाळचं संकलन, संध्याकाळचं संकलन आणि दोन्हींच्या मध्ये पोर. बाहेर गाडीचा हॉर्न वाजायच्या आत ती त्याला घाईघाईने पाजायची, पाळण्यात आडवं टाकायची आणि पदर सावरत शेडकडे पळायची.

आणि पोर ओरडायचं. पाजून झालं की पाठीची कमान करायचं, लालबुंद व्हायचं आणि प्यालेलं सगळं बाहेर टाकायचं. त्यातही नुसतं दूध नसायचं. फाटलेलं असायचं, गोळे गोळे झालेलं. मावशीने दुपट्याचा वास घेतला. आंबट! ज्या बाईचा जन्म फाटलेलं दूध हुडकण्यात गेला, तिला आणखी काय पुरावा हवा होता? दुसरी कुणी असती तर तिने शेजारणीला विचारलं असतं, पोर उचलून दवाखान्यात गेली असती. साहेबही म्हणाले, "एकदा डॉक्टरला दाखवा ना." "आता डॉक्टर मला दुधातलं शिकवणार?" मावशी म्हणाली, आणि शेडमध्ये हशा पिकला. नवरा आला तेव्हा त्याने सरळ हात वर केले. "दुधातलं तुला कळतं. तू म्हणशील ते." मग मावशीने स्वतःच्याच दुधावर फुली मारली, आणि एकदा मारलेली फुली ती पुसत नसे.

तिची थोरली बहीण शेजारच्या गावात लाँड्री चालवायची. तिला मूलबाळ नव्हतं. "थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे," मावशी तिला म्हणाली. "वरचं दूध पाज. पोट ठिकाणावर आलं की नेते." थोरलीने पोर कापडाने पाठीशी बांधलं आणि इस्त्रीला उभी राहिली. दिवसभर ती उभी, पाठीवर पोरही उभं. काही महिन्यांत पोर असं गुटगुटीत झालं की ओळखू येईना. सगळे म्हणाले, बघा, आईचं दूधच मानवत नव्हतं. हे वाक्य घरात इतकं रुळलं की पुढे मुलगा मोठा झाल्यावर स्वतःच हसत हसत सांगायचा, "मावशीने मला नापास केलं नाही हं, स्वतःला नापास केलं." तोवर थोड्या दिवसांची वर्षं झाली होती. तो थोरलीला आई म्हणायला लागला होता, आणि सख्ख्या आईच्या वाट्याला मावशी हे नाव आलं होतं. कुणी ते मुद्दाम केलं नाही. कुणी थांबवलंही नाही.

आता मावशी निवृत्त झाली होती. टँकरवाला नवरा केव्हाच गेला होता, आणि गेल्या वर्षी थोरलीही गेली. मुलगा शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. एके दिवशी त्याचा फोन आला.

"मावशी, येतेस का थोडे दिवस? आमचा भोंगा काही बंद होत नाहीये. हिचे आणि माझे, दोघांचे नाकी नऊ आलेत." भोंगा म्हणजे त्याची नुकती जन्मलेली मुलगी. मग तो सहज म्हणाला, "आई असती तर प्रश्नच नव्हता."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मावशीला उलट बरं वाटलं असतं. तिने पिशवी भरली आणि त्याच दिवशी निघाली.

लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढून मावशी वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि भोंग्याचा आवाज ती खालच्या मजल्यापासून ऐकत होती. दोन खोल्यांचं घर. दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर, दाराच्या कडीला, जिथे जागा मिळेल तिथे ओली दुपटी. पलंगाच्या कडेला सून बसली होती. केस कसेतरी बांधलेले, झोप न झाल्याने डोळे आत गेलेले, गाऊनच्या दोन्ही खांद्यांवर दुधाचे वाळलेले डाग. मांडीवर पोर, पाठीची कमान केलेलं, मुठी आवळलेलं, लालबुंद.

मावशी दारातच थांबली. ती कमान तिने पाहिली होती. अगदी तीच, तशीच.

"या मावशी," सून म्हणाली आणि तेवढ्यावरच तिचे डोळे भरून आले. "बघा ना हिला. पिते, जरा वेळ बरी असते, आडवी ठेवली की सगळं बाहेर. मला वाटतं माझंच काहीतरी बिघडलंय."

आणि तिने एक दुपटं मावशीच्या हातात दिलं. त्यावर पांढरे गोळे होते. "तुम्ही तर दुधातल्या जाणकार. तुम्हीच सांगा. माझं दूध वाईट आहे का?"

इथे मावशीने म्हणायचं होतं, अगं मला काय कळतंय, डॉक्टरला विचारू. पण इतक्या वर्षांत तिला कुणी कॅन पुढे केला आणि तिने मत दिलं नाही असं घडलंच नव्हतं. तिने सवयीने दुपटं नाकाशी नेलं. एक श्वास घेतला. तोच वास, इतक्या वर्षांपूर्वीचा, मागच्या खोलीतला.

"आंबलंय," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि सुनेचा चेहरा उतरला. कॅन परत नेणाऱ्या मालकांचे चेहरे मावशीने पुष्कळ पाहिले होते, पण ते ओट्याच्या पलीकडचे. या पोरीने काही वाद घातला नाही. "मला वाटलंच होतं," एवढं म्हणून तिने गाऊनची बटणं लावली, आणि त्या दुपारपासून पोरीला अंगावर घेणं बंद केलं.

संध्याकाळी मुलगा वरच्या दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आला. बायकोने त्याला फोनवरच सांगितलं होतं. डबा मावशीने उघडला. वरचा पत्रा सोलून काढताच तिने आत नाक घातलं. ताजा माल, शंकाच नको. तिने पाणी उकळून निवू दिलं, मापाने पावडर घातली, बाटली हलवली आणि पोरीला मांडीवर घेतलं. भोंगा घटाघटा प्याला. बाटली रिकामी झाली तेव्हा मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला पलंगावर आडवं ठेवलं.

आणि पोरीने कमान केली.

सगळं बाहेर आलं, आधीपेक्षा जास्तच. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती उठलीही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, दर वेळी तेच. सुनेची छाती दुधाने भरून दगडासारखी झाली होती, अंगात कणकण होती, आणि ती मोरीत जाऊन दूध पिळून टाकत होती. नळ सोडायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मावशीला नळाचा आवाज ऐकू यायचा आणि त्याचा अर्थही कळायचा. तिनेही हे केलं होतं, शेडमागच्या नळावर.

मग सुनेच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण सुनेचे हात पोरीत अडकले होते. आई म्हणत होती, "रविवारी मी येते आणि बाळाला घेऊन जाते. वरच्याच दुधावर आहे तर माझ्याकडे काय आणि तुझ्याकडे काय? तू जरा झोप काढ. थोडे दिवस राहू दे माझ्याकडे. पोट ठिकाणावर आलं की ने."

बाई मनाने चांगली होती. लेकीच्या काळजीनेच बोलत होती. पण मावशीच्या हातातली बाटली सिंकमध्ये पडली. थोडे दिवस. पोट ठिकाणावर आलं की. शब्दसुद्धा तेच. तिला वाटलं, फोन हिसकावून घ्यावा आणि सांगावं की थोडे दिवस असं काही नसतं. पण कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्याच एका शब्दाने हे सगळं सुरू झालं होतं. तिने बाटली उचलली आणि धूत राहिली.

बाटली धुताना तिचं लक्ष ओट्यावरच्या दुपट्याकडे गेलं. सकाळी ओकलेलं, अजून धुवायचं राहिलेलं. तिने ते उचललं आणि वास घेतला. मग पावडरचा डबा उघडला आणि त्याचा घेतला. पुन्हा दुपट्याचा.

डबा ताजा. दुपट्यावर मात्र तेच पांढरे गोळे, आणि तोच आंबट वास.

मावशी तिथेच खाली बसली. हे दूध सुनेचं नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत सीलबंद डब्यातून निघालं होतं, तिच्याच नाकाने पास झालं होतं. चांगलं आत गेलं आणि आंबून बाहेर आलं. मग आंबवतं कोण? डेअरीत तिने असा घोळ एका मिनिटात सोडवला असता. दोन वेगळ्या घरांचं दूध एकाच कॅनमध्ये नासत असेल, तर बघायचा तो कॅन. इतकी साधी गोष्ट. आणि स्वतःच्या पोराच्या वेळी तिने दुसरं दूध घालून बघितलंच नव्हतं. पोरच पाठवून दिलं होतं.

"उद्या हिला डॉक्टरकडे न्यायची," तिने मुलाला सांगितलं.

"तू म्हणतेस?" मुलगा म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी म्हणते."

मुलाने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. सून आली नाही. "मला पुन्हा तेच ऐकायचं नाही," ती म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीवर हत्ती आणि ससे चिकटवलेले होते, आणि एका सशाचा कान कुठल्यातरी पोराने उपटला होता. बाईंनी पोरीला वजनकाट्यावर ठेवलं, पोट चाचपलं, कार्ड बघितलं. उलटी हिरवी असते का, रक्त दिसतं का, असं विचारलं. मुलगा दर वेळी मावशीकडे बघायचा आणि मावशी मान हलवायची. नाही. नाही.

"वजन छान वाढतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी ओकणारी पण वाढणारी पोरं खूप असतात. घाबरू नका. अन्ननलिका पोटाला जिथे मिळते ना, तिथे झाकणासारखा एक स्नायू असतो. तो अजून सैल आहे. आडवं केलं की दूध वर येतं आणि घशात जळजळतं, म्हणून ती पाठ ताणते. बसायला लागली, मोठी झाली, की आपोआप थांबतं."

"पण फाटलेलं येतं," मावशी म्हणाली. "आंबट. गोळे गोळे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, पोटात गेलं की दूध फाटणारच. फाटायलाच हवं, नाहीतर पचेल कसं? तुमचंआमचंही फाटतं, फक्त आपल्याला दिसत नाही. त्याचा आईच्या दुधाशी काही संबंध नाही. आईचं दूध सुरूच ठेवा, तेच सगळ्यात बरं. थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, आणि पाजल्यावर लगेच आडवं टाकू नका. अर्धा तास उभं धरा, खांद्याशी. झोपवताना मात्र पाठीवरच. बस, एवढंच."

मग पेन उचलून त्यांनी मुलाला विचारलं, "तुम्हालाही लहानपणी होतं का असं? पुष्कळदा असतं घरात."

मुलगा म्हणाला, "आई सांगू शकली असती, पण ती..." मग थांबला. आणि हळूच मावशीकडे वळला.

"होतं," मावशी म्हणाली. "अगदी असंच."

घरी येताना रिक्षात पोर मुलाच्या खांद्याशी होतं. मावशी बाहेर बघत होती, पण रस्त्यातलं तिला काही दिसत नव्हतं. झाकण सैल. आयुष्यभर तिने कॅन हाताळले. झाकण सैल असलेला कॅन आडवा झाला तर दूध सांडतं, हे डेअरीतल्या नव्या हमालालाही कळतं, आणि त्यासाठी दुधाला कुणी नासकं म्हणत नाही. कॅन उभा ठेवतात. तिने पोराला पाजून आडवं टाकलं होतं आणि हॉर्नमागे धावली होती. थोरलीला काही कळत नव्हतं, पण तिने त्याला पाठीशी उभं बांधलं होतं. तेवढाच फरक. एकदा थोरली म्हणालीही होती, "अगं, माझ्या पाठीवरही ओकतो की हा! गिऱ्हाईकं म्हणतात, लाँड्रीवाली, आधी स्वतःचा ब्लाऊज धू." मावशीला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय. विश्वास ठेवायला काय झालं होतं तेव्हा? ठेवला असता तर फुली पुसावी लागली असती.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं दोघांनीही ऐकलं होतं.

घरी पोचल्यावर मावशी चपला काढून थेट सुनेच्या पलंगाशी गेली. अशा वेळी काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. सराव नव्हता.

"ऊठ पोरी," ती म्हणाली. "माझं चुकलं. तुझं दूध चांगलं आहे."

सून उठून बसली. "पण तुम्हीच म्हणालात..."

"म्हणाले ना. न बघता म्हणाले. डब्यातलं दूधही तसंच येतंय, त्याच वासाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्यांचंच येतं. माझं नाक कॅनपुरतं, गं. पोटातलं त्याला काय कळणार? मी उगीच तुला..." तिने मुलाच्या हातातून पोर घेतलं. "माझ्या नाकाला लागो आग. तू पाज तिला."

सून तिच्याकडे बघत राहिली. "नक्की?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने होकाराची मान डोलावली. मग तिने बटणं काढली आणि हात पुढे केले. पोरीने तोंड लावलं, आणि इतके दिवस तटतटलेली छाती मोकळी होताना सुनेने डोळे मिटून ओठ दाताखाली धरला. जराशाने ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "आईला फोन कर. म्हणावं, रविवारी नुसती ये. बाळ कुठे जाणार नाही."

पाजून झाल्यावर पोर मावशीच्या खांद्याशी आलं. सून बसल्या बसल्याच झोपी गेली, तिला नीट आडवं करून मुलाने पांघरूण घातलं. मावशी पोरीला उभी धरून बाहेरच्या खोलीत खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर एकजण हातगाडीचं चाक बदलत होता. ढेकर आला. मावशी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मुलगा येऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

"म्हणजे तुझं दूध चांगलं होतं," तो म्हणाला.

"होतं."

"बरं, ते तुला माहीत नव्हतं. सोड." त्याने खिडकीच्या गजावरचं दुपटं काढून त्याची घडी घातली. "पण मग मला दात आले, मी सगळं खायला लागलो. तेव्हा दुधाचा प्रश्न कुठे होता? तेव्हा का नाही नेलंस?"

या प्रश्नाची वाट मावशी इतकी वर्षं बघत होती की उत्तरंही तयार ठेवली होती. थोरलीला मूल नव्हतं. टँकर, दोन वेळचं संकलन, घरी बघायला कुणी नाही. सगळी खरीच होती. पण आत्ता त्यातलं एकही तोंडात येईना.

"आले होते न्यायला," ती म्हणाली. "तू चालायला लागला होतास. नवं झबलं घेऊन आले होते. मी तुला उचललं, तर तू असा रडलास... थोरलीच्या साडीला धरून. सुटेचना. थोरली म्हणत होती, ने गं, रडेल आणि राहील. पण मला ते ऐकवेना. माझ्याकडे असताना तू सारखा रडायचास ना, मला वाटलं, पुन्हा तेच. याला आपण नाहीच मानवत. झबलं तिथेच ठेवलं आणि परत फिरले."

"आणि पुन्हा नाही आलीस."

"आले की. मावशी म्हणून."

मुलाने घडी घातलेलं दुपटं पुन्हा उलगडलं, पुन्हा घातलं. त्याच्या मनात राग असता तर मावशीने तो आनंदाने झेलला असता. पण एखाद्या इमारतीतल्या माणसाला लिफ्ट कशामुळे अडकली ते सांगावं, तशा आवाजात तो म्हणाला, "चार दिवस रडलो असतो, मावशी. मग राहिलो असतो."

मावशीने मान खाली घातली. हे खरं होतं, आणि तेव्हाही ते खरंच होतं. थोरलीला कळलं होतं. फक्त जिचं पोर होतं तिलाच कळलं नाही.

खांद्यावरच्या पोरीने आळोखेपिळोखे दिले आणि मावशीच्या मानेवर गुळणी टाकली. ऊन, आंबट, गोळे गोळे. मग तोंड वासून तिने भोंगा सुरू केला, असा की खालचा हातगाडीवाला वर बघायला लागला. मुलाने हात पुढे केले.

"दे माझ्याकडे. तुझी साडी बघ."

"राहू दे," मावशी म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने पोरीची मान सावरली आणि तिला आणखी घट्ट खांद्याशी धरलं. "रडेना का. मी धरते."